मोहोर गेला, कर्ज राहिले

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. अवकाळी पावसाने मोहोर गळाला. बँकेचे पीककर्ज आहे, शिवाय वाशीच्या दलालाची उचलही आहे. यजमान रात्र रात्र जागे असतात आणि विचारले की चिडतात. मी काय करावे?

उत्तर : ताई, पैशांचा विषय रात्री काढू नका. सकाळी दोघांनी वही घेऊन बसावे आणि कोणाचे किती, कोणत्या व्याजाने, केव्हा द्यायचे, एवढेच लिहावे. दलालाची उचल बिनव्याजी भासली, तरी ती पुढच्या हंगामाच्या पेट्यांच्या भावातून वसूल होते. म्हणून तिचे पान वेगळे ठेवा. पीककर्जाची मुदत टळण्याआधीच शाखेत जाऊन पुनर्गठनाची, म्हणजे परतफेडीची मुदत व हप्ते नव्याने बांधून घेण्याची, लेखी विचारणा करा. फळपीक विमा उतरवला असल्यास भरपाई प्रामुख्याने हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते, झाडाखालच्या सड्यावरून नव्हे; हे बागायतदाराला पटणे कठीणच.

तथापि यजमानांची झोप मला अधिक महत्त्वाची वाटते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते. आधी तुम्ही स्वतः बोला. त्यांनी जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर त्यांना एकटे सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या आणि फवारणीची औषधे त्याच दिवशी शेजाऱ्यांकडे कुलपात ठेवा.