वाचकांचे प्रश्न : रशची गाणी क्रमाने लावताना

प्रश्न : आम्ही तिघं मावसभावंडं, राहणार राजेंद्रनगर, इंदूर. कॅनडाचा ‘रश’ हा आमचा लाडका प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. त्यांची २४ गाणी निवडून ठेवली आहेत, पण क्रम लावायला बसलो की पोहे-जिलेबी संपते, वाद संपत नाही. ‘२११२’ हे एक गाणं धरायचं की सात? ‘सिग्नस’चे दोन भाग एकत्र घ्यायचे का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तुमचा वाद क्रमावरून नाही, यादीवरून आहे. ती आधी पक्की करा. सोपा नियम असा की रेकॉर्डवर जे एक गाणं म्हणून छापलंय ते एक. त्या हिशेबाने १९७६चं ‘२११२’ सात तुकड्यांचं असलं तरी एकच. वीस मिनिटं सलग वाजतं, मधून कापलं तर उरलेलं लंगडं होतं. ‘सिग्नस एक्स-वन’चा पहिला भाग १९७७च्या ‘अ फेअरवेल टू किंग्ज’वर आणि दुसरा १९७८च्या ‘हेमिस्फिअर्स’वर आहे, म्हणून ती दोन गाणी. ‘फिअर’ मालिकेतली गाणीही सुटीच धरा. तिचा तिसरा भाग १९८१ मध्ये आला, दुसरा १९८२ मध्ये, पहिला १९८४ मध्ये आणि चौथा थेट २००२ मध्ये, म्हणजे एकत्र ऐकायची म्हटली तरी कोणत्या क्रमाने यावरून नवं भांडण. २००४च्या ‘फीडबॅक’वर दुसऱ्यांची गाणी आहेत, ती वगळा. मैफलीतलं ध्वनिमुद्रण स्टुडिओतल्याशी तोलू नका. १९८१च्या ‘एग्झिट... स्टेज लेफ्ट’वरच्या ‘वायवायझेड’मध्ये बँडचा ड्रमर नील पर्ट याचा ड्रम सोलो घातलेला आहे, तिथे तुम्ही गाण्याला नाही, सोलोला गुण देऊन बसाल.

आता क्रम. प्रत्येक गाण्याला दहापैकी गुण देण्याची पद्धत फसते. आवडत्या बँडची गाणी, सगळ्यांना आठ नाहीतर नऊ पडतात आणि पहिल्या दिवशी दिलेला आठ हा आठवडाभराने दिलेल्या आठशी जुळत नाही. त्याऐवजी दोन-दोन गाण्यांची गाठ घाला. २४ गाण्यांच्या सगळ्या जोड्या लावल्या तर २७६ होतात. एवढं कोणी ऐकत नाही. म्हणून नवं गाणं घेतलं की लावून झालेल्या यादीतल्या मधल्या गाण्याशी भिडवा. जिंकलं तर वरच्या अर्ध्या भागातल्या मधल्याशी, हरलं तर खालच्या. असं केलं तर जास्तीत जास्त ८९ तुलनांत काम होतं. त्यातही निम्म्याहून जास्त चटकन सुटतात, गाणं पुन्हा लावायची गरज पडत नाही. लांब गाणं एका बैठकीला एकच घ्या. ‘२११२’ संपल्यावर लगेच साडेचार मिनिटांचं ‘टॉम सॉयर’ लावलं तर ते हवं त्यापेक्षा ताजंतवानं वाटतं, आणि तो फायदा त्याचा स्वतःचा नसतो. सराफ्यातल्या खाऊगल्लीतून भरल्या पोटी परत आल्यावर तर निकाल लावूच नका.

आमचं मत विचारलंत तर वर ‘झॅनाडू’, मग ‘ला व्हिला स्ट्रँजिआटो’, ‘वायवायझेड’, ‘नॅचरल सायन्स’ आणि ‘टॉम सॉयर’. ‘झॅनाडू’ अकरा मिनिटांचं आहे, पण त्यातली गायकीआधीची लांबण फुकट जात नाही. आलापासारखी ती पुढच्याची जागा तयार करते. ‘२११२’ आम्ही सातव्या-आठव्या जागी ठेवू. सुरुवात आणि शेवट जबरदस्त आहेत, मधले तुकडे मात्र कथेच्या कुबडीवर चालतात. चाहत्यांना हे पटणार नाही, चालेल.

प्रश्न : माझे बाबा तबला वाजवतात. ‘वायवायझेड’ची सुरुवात ऐकून म्हणाले, हा तर झपताल! खरं का? (टिळकनगर, इंदूर)

उत्तर : निम्मं खरं. वायवायझेड हा टोरंटोच्या विमानतळाचा संकेत, आणि सुरुवातीचा ठेका म्हणजे ती तीन अक्षरं तारायंत्राच्या मोर्स लिपीत. मोर्सची रेघ गुरू (गा) आणि टिंब लघू (ल) मानलं तर ‘वाय’ होतो गालगागा. गझल लिहिणाऱ्यांना हा तुकडा ओळखीचाच आहे. ‘झेड’ होतो गागालल. तेव्हा पूर्ण आवर्तन असं : गालगागा, गालगागा, गागालल. सात, सात आणि सहा, मिळून २० लघू. दोन लघूंची एक मात्रा धरली की झपतालाएवढ्याच १० मात्रा भरतात, म्हणून बाबांचा हात आपोआप झपतालाकडे गेला.

खंड मात्र जुळत नाहीत. झपतालाचे विभाग २-३-२-३, ते पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या मात्रेवर सुरू होतात. इथे दुसरा ‘वाय’ चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धात पडतो, टाळीला धरून बसलात तर तिथे हमखास चुकता. ‘झेड’ मात्र बरोबर आठव्या मात्रेवर, चौथ्या विभागाच्या तोंडाशी येतो. त्यामुळे घसरलेला हात तिथे सावरतो आणि वाटतं, बरोबरच चाललंय. टाळी सोडून द्या, तोंडाने गालगागा म्हणत ऐका. तीन-चार आवर्तनांत बसतं. पुढे गाणं चारच्या चालीत जातं, तिथे बाबांना विश्रांती. ‘टॉम सॉयर’च्या मधल्या वाद्यांच्या भागात सात मोजावे लागतात, तेही त्यांना ऐकवा. सात मात्रांच्या रूपक तालाचं वजन तिथे शोधू नये, आकडा तेवढा सारखा.

प्रश्न : रशच्या ‘व्हेपर ट्रेल्स’मधली गाणी आमच्या यादीत नेहमी तळाला जातात. गाणी वाईट की आमचे कान? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : तुमची प्रत. २००२ची ही रेकॉर्ड फार मोठ्या आवाजात मिक्स झाली होती. आवाजाची शिखरं कापली गेली, ड्रम आणि गिटार एकमेकांत चिकटले, म्हणून दहा मिनिटांत कान थकतात. २०१३ मध्ये तिचं नवं मिक्स निघालं, तुलनेला तेच घ्या. ॲपमधलं आवाज समान करणारं नॉर्मलायझेशन सगळ्याच गाण्यांसाठी चालू ठेवा, कारण किंचित मोठं वाजणारं गाणं उगाच सरस वाटतं. जुन्या मिक्सला त्याने फार मदत होणार नाही. आवाज खाली आला तरी कापलेली शिखरं परत येत नाहीत. क्रॉसफेड (एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळणं) शून्यावर, शफल बंद.

प्रश्न : तिघांच्या तीन याद्या तयार झाल्या. एक कशी करायची? (पुन्हा राजेंद्रनगर)

उत्तर : प्रत्येक गाण्याचे तीन क्रमांक लहानापासून मोठ्यापर्यंत लिहा आणि मधला घ्या. बेरीज करू नका. बेरजेत एक भाऊ दुसऱ्याचं लाडकं गाणं मुद्दाम २४व्या जागी टाकून त्याला बुडवू शकतो. मधल्या क्रमांकावर अशा एकट्याच्या डावाचा परिणाम फार कमी होतो. मधला क्रमांक सारखा आला तर त्या दोन गाण्यांपुरतं हात वर करून मत घ्या.

तीन गाणी बरोबरीत आली तर हे मतदान गोल फिरू शकतं. समजा, थोरल्याचा क्रम झॅनाडू, सबडिव्हिजन्स, वायवायझेड. मधल्याचा सबडिव्हिजन्स, वायवायझेड, झॅनाडू. धाकट्याचा वायवायझेड, झॅनाडू, सबडिव्हिजन्स. दोन विरुद्ध एक मतांनी झॅनाडू सबडिव्हिजन्सला हरवतं, सबडिव्हिजन्स वायवायझेडला आणि वायवायझेड झॅनाडूला. कोणी खोटं बोललेलं नाही, गणित चुकलेलं नाही. अशा वेळी तिन्ही गाण्यांना एकच जागा द्या आणि पुढचे दोन क्रमांक रिकामे सोडा.