घरी बनवलेल्या व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्पचा आवाज फाटतो, व्हॉल्व्ह बदलूनही फरक नाही. दोष कुठे असेल?

तुम्ही नुसतं 'आवाज फाटतो' न लिहिता व्होल्टेजचे आकडे दिलेत ते फार बरं केलंत. सगळं उत्तर त्या आकड्यांतच आहे. वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात: फेंडर चॅम्प ५एफ१ च्या नकाशावरून बनवलेला अ‍ॅम्प, एक १२एएक्स७ (सिग्नल आधी वाढवणारा व्हॉल्व्ह, एकाच काचेत दोन अर्धे), एक ६व्ही६ (स्पीकर चालवणारा व्हॉल्व्ह). व्हॉल्यूम ३ पर्यंत ठीक, ५ च्या पुढे घरघर, आणि नॉब फिरवताना खरखर. व्हॉल्यूम पूर्ण असताना प्रीअ‍ॅम्पचा, म्हणजे १२एएक्स७ च्या भागाचा, सप्लाय २५० व्होल्ट; १२एएक्स७ च्या पहिल्या अर्ध्यात पिन १ (प्लेट, जिथून वाढलेला सिग्नल बाहेर पडतो) वर १६५, पिन ३ (कॅथोड, चॅसिसकडचं टोक) वर १.३; दुसऱ्यात पिन ६ (प्लेट) वर ९०, पिन ८ (कॅथोड) वर २.४.

दोन्ही अर्ध्यांना रेझिस्टर सारखेच आहेत, प्लेटला १०० के (किलो-ओहम) आणि कॅथोडला १.५ के. म्हणजे व्होल्टेजही साधारण सारखेच हवेत. पहिला अर्धा बरोबर चालतोय. दुसऱ्यात १.६ मिलिअँपिअर वाहतायत, पहिल्याच्या जवळपास दुप्पट. गणित दोन्हीकडून जुळतं: १.५ के वर २.४ व्होल्ट आणि १०० के वर १६० व्होल्ट. त्यामुळे रेझिस्टरची किंमत चुकलेली नाही, त्यांच्यावर वेळ घालवू नका. इतका करंट वाहायचा तर पिन ७ वर, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या ग्रिडवर, दोनेक व्होल्ट डीसी (स्थिर, एकाच दिशेचा व्होल्टेज) असणार. तिथे शून्य हवा. गिटारचा सिग्नल आला की ग्रिड लगेच कॅथोडच्या वर जाते, स्वतःच करंट ओढू लागते आणि लाटेचा एक अर्धा भाग तिथेच चेपला जातो. तीच तुमची घरघर.

हा डीसी येतो कुठून? पिन १ आणि व्हॉल्यूम पॉट (नॉबमागचा बदलता रेझिस्टर) यांच्या मधल्या ०.०२२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून, असा माझा अंदाज आहे; त्याने सिग्नल सोडून डीसी अडवायचा असतो, पण तो गळत असावा, आणि नॉबची खरखर त्याला दुजोरा देते. पॉटमधून डीसी वाहत असला की तो फिरवताना खरखरतोच.

खात्री करायला सोल्डरिंगसुद्धा लागत नाही. व्हॉल्यूम शून्यावर आणा आणि पिन ६ बघा. शून्यावर ग्रिड थेट चॅसिसला (अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला) जोडली जाते. प्लेट १६५ च्या आसपास परत आली, तर डीसी ग्रिडच्या वाटेनेच येतोय.

मग अ‍ॅम्प बंद करून, कपॅसिटर रिकामे करून (त्याबद्दल खाली), त्या कपॅसिटरचा पॉटकडचा पाय सोडवा. दुसरा पाय प्लेटलाच राहू द्या. मोकळा पाय आणि चॅसिस यांच्यात मीटर डीसी व्होल्टवर क्लिपने लावा आणि मगच अ‍ॅम्प सुरू करा. चांगला कपॅसिटर असेल तर आकडा एकदा उसळतो आणि शून्याजवळ येऊन बसतो. गळका असेल तर खाली येतच नाही. तुमच्या बाबतीत वीसेक व्होल्ट दिसावेत.

ओहमवर तपासून 'कपॅसिटर चांगला आहे' असं तुम्ही लिहिलंय. मीही तिथेच फसलो होतो. चिपळूणच्या घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यातला एक मेणाचा कपॅसिटर मी हौसेने पहिल्या अ‍ॅम्पमध्ये घातला. मेण एका बाजूला ओघळून पिवळं पडलेलं, पण अक्षरं शाबूत. मीटर ओहमवर काहीच दाखवत नव्हता. दाखवणार कसा? अशी गळती काही कोटी ओहमची असते, साध्या मीटरची मजल तिथवर जात नाही, शिवाय तो तपासतो एक-दोन व्होल्टवर. कपॅसिटरवर प्रत्यक्षात दीडशेच्या वर व्होल्ट पडतात. आत कागद असतो, तो वर्षानुवर्षं दमट हवा पीत राहतो. कोकणातले इतके पावसाळे काढलेल्या कागदाकडून दुसरी अपेक्षाच नको होती. तुमचाही कपॅसिटर जुन्या रेडिओतला आहे म्हणता, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

नवीन घ्या तो फिल्मचा, ४०० किंवा ६३० व्होल्टचा, अंगावर २२३ लिहिलेला. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळेल. आणि कृपा करून १२एएक्स७ च्या पिन ६ कडून ६व्ही६ कडे जाणारा कपॅसिटरही त्याच वेळी बदला. तो गळू लागला तर नुसता आवाज बिघडून थांबत नाही, ६व्ही६ ची प्लेट लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. ६व्ही६ च्या पिन ५ वर, म्हणजे त्याच्या ग्रिडवर, आत्ताच शून्य आहे का बघा. नसेल तर बदलेपर्यंत अ‍ॅम्प लावूच नका.

पाय सोडवल्यावरही पिन ७ वर डीसी राहिला, तरच व्हॉल्व्हवर संशय घ्या. पण तुम्ही तीन बदलून पाहिलेत, तिन्ही एकाच तऱ्हेने बिघडलेले असणं अवघड आहे.

आता कपॅसिटर रिकामे करण्याबद्दल. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (सप्लाय स्थिर ठेवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये) ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो. १० के, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी पहिल्या फिल्टर कपॅसिटरला लावून अर्धा मिनिट ठेवा, मग प्रत्येक फिल्टर कपॅसिटरवर व्होल्ट मोजून शून्याजवळ आल्याची खात्री करा, तेव्हाच हात घाला. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजताना काळी क्लिप आधीच चॅसिसला लावा, लाल एका हाताने धरा आणि दुसरा हात खिशात ठेवा.

कपॅसिटर बदलल्यावर पिन ६, ७ आणि ८ चे आकडे इथे टाका. ६ वर १६५ आणि ८ वर १.३ च्या जवळपास आले नाहीत, तर पुढचं आपण बघू.