अर्धवेळ स्पीच थेरपी: सुरुवातीला एवढं सांभाळ

मुलगी लहान आहे म्हणून अर्धवेळ काम करायचं म्हणतेस, ते अगदी जमण्यासारखं आहे. बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-उपचाराची पदवी) झालीस, छान. पण भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत एकही पेशंट घेऊ नकोस. १९९२ च्या कायद्याने तो लागतोच.

- एकच क्लिनिक धर. तीन ठिकाणी दोन-दोन तास घेतलेस की दिवस लोकल आणि रिक्षातच जातो.
- ४५ मिनिटांच्या सेशननंतर १५ मिनिटं मोकळी ठेव, नोंदींसाठी. पेशंट ऐनवेळी आला नाही तर पैशाचं काय, हे आधीच लेखी ठरव.
- उशिरा बोलणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी झाल्याशिवाय थेरपी सुरू करू नकोस. "हाक मारली की बघतो" यावर विसंबू नये.

नवीन मुली हमखास चुकतात ते इथे: सगळं लक्ष मुलाकडे, आईकडे नाही. मूल आपल्याकडे आठवड्यातून दोनदा येतं, बाकी वेळ घरीच असतं. आईला सांग, खाऊचा डबा उघडण्याआधी मुलाकडे बघत मनात पाच आकडे मोज. ते "दे" म्हणेल, हात पुढे करेल, नुसतं बघेल, सगळं चालेल. "बोल, बोल"चा मारा मात्र बंद. आणि "कधी बोलेल?" याला तारीख देऊ नकोस, कितीही आग्रह झाला तरी.

पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणारे पेशंट सध्या घरी जाऊन एकटीने घेऊ नकोस. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ते काम आधी हॉस्पिटलात अनुभवी सहकाऱ्याबरोबर शीक.