वाचकांचे प्रश्न: डिमेन्शिया असलेल्यांना ग्रुपमध्ये फिरायला न्यावं का?

बडोद्याहून या विषयावर बरीच पत्रं आली, म्हणून या वेळी दुसरा विषयच घेतला नाही. डिमेन्शिया म्हणजे मेंदूच्या आजाराने स्मरणशक्ती नि समज हळूहळू कमी होत जाणं, अल्झायमर्स हा त्याचाच सर्वांत जास्त दिसणारा प्रकार. पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न: माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत, दोन वर्षांपूर्वी अल्झायमर्सचं निदान झालं. आधी रोज सकाळी कमाटीबागेत जायचे, ठरलेला ग्रुप होता, चालून झालं की चहा नि गप्पा. आता तीच गोष्ट पाचव्यांदा सांगतात म्हणून लोक टाळायला लागलेत. मध्ये एकजण हसत हसत "काका, ओळखा पाहू मी कोण" करत होता आणि एकदा तर बाबा बोलता बोलता एकटेच टॉय ट्रेनच्या बाजूला निघून गेले. तेव्हापासून मिस्टर म्हणतात गच्चीवर चालू दे. परदेशात म्हणे अशा लोकांचे चालायचे ग्रुप असतात, त्याने स्मरणशक्ती सुधारते का? आणि संध्याकाळी घरातच असून "मला घरी जायचंय" म्हणत दार धरून उभे राहतात, त्याचं काय करू?
मांजलपूरची एक सून

उत्तर: ताई, आधी कडू ते सांगून टाकते. गेलेली आठवण चालण्याने परत येत नाही. २०१८ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास छापून आला, डिमेन्शियाचे ४९४ लोक होते, त्यातल्या काहींना चांगला घाम काढणारा व्यायाम दिला, त्यांचा दम वाढला, ताकद वाढली, पण विसरणं काही कमी झालं नाही. तेव्हा "रोज चार किलोमीटर चालवा, मेंदू तल्लख होईल" असं कोणी सांगितलं तर मान डोलवा नि सोडून द्या.

तरी बाबांना बाहेर न्या असंच मी सांगणार. दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाला रात्री झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, पायातली ताकद जाते, मग एक दिवस बाथरूमला जाताना पडतो आणि तिथून सगळंच अवघड होतं. सकाळचं ऊन अंगावर आलं, पाय हलले, की दिवसाची घडी बसते. आणि माणसं! नाव विसरलेल्या माणसालाही बाकावर आपल्याला कोणी सरकून जागा दिली हे बरोब्बर कळतं, आणि कोणी आपली परीक्षा घेतंय हेही कळतं. "ओळखा पाहू" हा खेळ बंदच करायला सांगा, समोर येऊन "काका, मी अमुक, आपण रोज बरोबर चालायचो" एवढं म्हटलं की झालं. गच्चीवर एकट्याने फेऱ्या मारणं मला तरी पटत नाही, एक तर कठड्याची भीती आणि दुसरं म्हणजे तिथे बोलायला कोण आहे?

परदेशात असे ग्रुप आहेत हे खरंय. स्कॉटलंडमध्ये पाथ्स फॉर ऑल म्हणून संस्था आहे, ते चालायचे ग्रुप नेणाऱ्यांना डिमेन्शियाच्या लोकांना कसं सांभाळून घ्यायचं हे शिकवतात. पण तुम्हाला तिकडे बघायची गरज नाही, बाबांचा जुना ग्रुप आहेच की. सगळ्यांना नाही, त्यातल्या दोन भरवशाच्या काकांना घरी चहाला बोलवा आणि आजाराचं नाव घेऊन सरळ सांगा. लोक बहुतेक वेळा वाईट नसतात, घाबरलेले असतात, काय बोलावं कळत नाही म्हणून टाळतात. आणि बाबांना नुसतं पाठवू नका, घरातलं किंवा पगारी कोणीतरी बरोबर हवंच, ज्याचं काम फक्त बाबांकडे लक्ष ठेवणं, स्वतःचा वॉक करणं नाही.

आता बारीक गोष्टी, यातच सगळं असतं. रोज तेच गेट, तोच रस्ता, तीच वेळ. रविवारी कमाटीबागेत पोराबाळांची जत्रा असते, त्या दिवशी सोसायटीतच फिरवा. घरून निघताना बाथरूम करून निघायचं. चपला नकोत, मागून बंद असलेले बूट. झाडाची गडद सावली किंवा ओली फरशी त्यांना खड्डा वाटू शकते, मग ते अडतात, तिथे ओढायचं नाही, हात पुढे करून थांबायचं. १९९७ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट लिहिली होती, चालताना कोणी बोलायला लागलं की जे म्हातारे थांबतात ते पुढे पडण्याची शक्यता जास्त असते, कारण दोन कामं एकदम जमत नाहीत. म्हणजे बाबा बोलायला थांबत असतील तर थांबू दे, गप्पा बाकावर, चालताना नुसती सोबत. खिशात कार्ड ठेवा, नाव आणि दोन फोन नंबर, नुसतं मराठीत लिहून उपयोग नाही, गुजरातीतही लिहा. मे महिन्यात साडेसातच्या आत घरी, आपल्याकडचं ऊन माहितीये ना. आणि चहा! वीस मिनिटं चालणं आणि अर्धा तास चहा झाला तरी चालेल, मी तर म्हणते तेच बरं.

संध्याकाळचं "घरी जायचंय" या आजारात खूप दिसतं, दिवस कलला की जीव कासावीस होतो. "हेच आपलं घर" म्हणून वाद घालून काही मिळत नाही. "चला बाबा, जाऊया" म्हणून खाली एक चक्कर मारा, वाटेत त्यांच्या जुन्या घराबद्दल विचारा, दांडिया बाजारचं असेल तर माणिकरावांच्या आखाड्यापासून सुरुवात करा, परत येईपर्यंत बरेचदा विषय निवळतो. दिवे लवकर लावा. पण हे एक-दोन दिवसांत अचानक खूप वाढलं, किंवा ते एकदम सुस्त झाले, तर ते आजाराच्या माथी मारू नका, लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, नवीन गोळी, यापैकी काहीही असू शकतं, लगेच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: माझी आई ८१ वर्षांची, गुडघ्यांमुळे चालणं जवळपास बंद. दिवसभर साडीचा पदर चोळत बसते. तिला काय काम द्यावं? मोबाईलवरचे मेंदूचे गेम चांगले का?
रावपुरा

उत्तर: गेमचं राहू द्या हो. पदर चोळतेय म्हणजे हाताला काम हवंय. मटार सोलायला द्या, मेथी निवडायला द्या, कापूस देऊन वाती करायला सांगा. जन्मभर केलेलं काम हातांच्या आठवणीत असतं, ते बरंच उशिरापर्यंत टिकतं, नावं-तारखा आधी जातात. वाती वाकड्या झाल्या तर होऊ देत, फक्त तिच्या समोर परत वळायला घेऊ नका. लहान मुलांची रंगवायची पुस्तकं आणू नका, तिला आवडत असेल तर गोष्ट वेगळी, पण बऱ्याच बायकांना तो अपमान वाटतो.

चार-पाच जणी एकत्र बसवता आल्या तर फारच छान. ब्रिटनमध्ये याची एक पद्धतच बसवलीय, कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी साधारण पाऊण तास, अशा १४ बैठका, त्यात गाणी, खाणं, जुने फोटो, पैशांचा हिशोब, शब्दांचे खेळ असं असतं. सौम्य ते मध्यम डिमेन्शियात स्मरणशक्ती नि विचार करण्याला त्याचा थोडा फायदा दिसलाय, व्यायामापेक्षा याबाबतीत पुरावा बरा आहे. आपल्याकडे भजनी मंडळात टाळ वाजवत बसली तरी निम्मं काम होतं. एक-एक खुर्ची अशी ठेवा की सगळ्यांचे चेहरे दिसतील, टीव्ही बंद.

प्रश्न: आम्ही तीन-चार कुटुंबं मिळून असा ग्रुप सुरू करायचं म्हणतोय. किती माणसं लागतील?
कारेलीबाग

उत्तर: जरूर करा! भारतात साठीच्या पुढच्या अंदाजे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे तुमच्याच सोसायटीत आणखी कोणी लपवून बसलेलं असणार. सुरुवातीला प्रत्येक पेशंटमागे एक माणूस धरा, पुढे सवय झाली की दोघांमागे एक चालेल, आणि एकजण जास्तीचा, कोणी मध्येच परत जायचं म्हटलं तर. नावाचे बिल्ले सगळ्यांनीच लावा, फक्त पेशंटना लावले तर शाळेची सहल दिसते. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वाराला, भले दोनच जण आले तरी. सांभाळणाऱ्यांना बाजूला बसून बोलायला वेळ द्या, हे विसरू नका. १९९७ मध्ये हॉलंडच्या लायडन शहरात अल्झायमर कॅफे सुरू झाला तोही पेशंट आणि घरचे एकत्र चहा-कॉफीला बसण्यासाठीच. हॉल, बाग, शेजारच्या काकूंचा व्हरांडा, काहीही चालतं, फक्त जवळ टॉयलेट हवं. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही फ्री हेल्पलाइन आहे, माहितीसाठी तिथेही फोन करा.

प्रश्न: वडील म्हणतात "मला काही झालेलं नाही, मी वेड्यांच्या ग्रुपमध्ये येणार नाही." कसं नेऊ?
अलकापुरी

उत्तर: आजारपणामुळेच आपल्याला आजार आहे हे बऱ्याच जणांना कळत नाही, तो हट्ट नसतो, म्हणून पटवत बसू नका. ग्रुप, पेशंट, थेरपी हे शब्दच काढू नका. "बाबा, मला एकटीला कंटाळा येतो, माझ्याबरोबर चला ना" म्हणा. नाही म्हणाले तर आज सोडून द्या, उद्या परत विचारा, उद्या त्यांना आजचं नाही म्हणणं आठवणारही नाही कदाचित.