एफडीत दरवर्षी हप्ता कोण भरतं हो?

गुहागर तालुक्यातून पत्र आलंय. सहा गाई आहेत, रविवारची गोठा सहल काढायचीय. माणशी 700 रुपयांत धार काढायची, रवीने ताक घुसळायचं, मग तांदळाची भाकरी, लोणी, कुळथाची पिठी आणि दर रविवारी खरवस. शेड-किचनला 5 लाख हवेत, गोल्ड लोन घेऊ की पर्सनल? आणि जाता जाता: 'आईची चिंता नाही, वय 62, रिटायरमेंटचे 12 लाख मिळाले त्यातून बँकेत तिची एफडी केलीय, दरवर्षी 2 लाख भरतो, दोनदा भरलेत, पाच वर्षांत दुप्पट.'

दादा, लोनचं नंतर बघू. एफडीत पैसे एकदाच ठेवतात, दरवर्षी भरतात तो विम्याचा हप्ता. कपाटातला कागद काढा, वर पॉलिसी असंच लिहिलेलं असणार. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळजवळ 15 टक्के, अशी बँक असेल तर मलाही पत्ता द्या! आणि हप्ते दहा वर्षांचे निघाले तर झाले 20 लाख, आईकडे होतेच 12. शिवाय आईच्या कमाईवर घर चालत नाही मग तिचा विमा कशाला, विमा हवा तुमचा, साधा टर्म प्लॅन, म्हणजे आपण गेलो तरच घरच्यांना पैसे देणारा, त्याचा पत्रात पत्ताच नाही.

तिसरा हप्ता भरू नका. सरेंडर केली, म्हणजे मध्येच मोडली, तर किती मिळतील आणि पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवली, तर किती, हे कंपनीकडून लेखी मागा. पॉलिसी 1 ऑक्टोबर 2024 नंतरची असेल तर पहिलं वर्ष पुरं झाल्यावरही काहीतरी हातात येतं. थोडं नुकसान होईल, होऊ दे. उरलेले 8 लाख सेव्हिंगला पडलेत ते पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाका, 8.2 टक्क्यांनी आईला दर तिमाहीला 16,400 मिळतील.

आता सहल. 40 माणसं गुणिले 52 रविवार हा तुमचा हिशोब, पण पावसाळ्याचे चार महिने कोण येतंय, आणि शिमग्यात तुम्ही स्वतः तरी घरी असाल का? 25 रविवार, 15 माणसं, खर्च जाऊन माणशी 300 धरा, वर्षाला 1 लाख 10 हजार. 5 लाखांचं तीन वर्षांचं लोन म्हणजे महिन्याला 16 हजारांचा हप्ता, वर्षाचे 1 लाख 90 हजार, म्हणजे गोठा राबणार कोणासाठी?

शेड नको. भात झोडून झालं की खळं मोकळंच असतं, त्यावर मांडव घाला, टोपं वाडीतून मागून आणा, या हिवाळ्यात चार रविवार करून बघा. आणि दर रविवारी खरवस कुठून आणणार हो? गाय व्याली की चीक तीन-चार दिवस, त्यातलाही आधी वासराचा, आणि सहा गाई वर्षातून फार तर सहा वेळा विणार. बोर्डावर ताक लिहा.