आईच्या आजारपणातला पहिला नाताळ आहे ना ताई, मग हे वाचा
ताई, माझा हा सातवा नाताळ, सासूबाई पलंगावर आहेत. सुरुवातीला एवढंच धरा.

पहिल्या वर्षी मी हट्टाने सगळं केलं, करंज्या, केक, स्टार, घरभर पाहुणे, आणि 25 ला संध्याकाळी त्यांना ताप आणि मी किचनमध्ये रडतेय. ही चूक सगळेच करतात. फराळ इथल्या छप्पन दुकानवरून, म्हणजे आपल्या इंदूरच्या खाऊगल्लीतून आणा, नाहीतर नकोच, कोणी विचारत नाही हो.

दुसरं म्हणजे 24 च्या रात्री व्हाइट चर्चला जाता आलं नाही की आपण पापी असल्यासारखं वाटतं. अहो, बायबलमधला लूकचा दुसरा अध्याय काढा, उतारशाळेत (धर्मशाळेत) जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं, म्हणजे पहिला नाताळ पण गैरसोयीतच झाला ना! त्याच अध्यायाच्या पहिल्या वीस ओव्या आईंच्या उशाशी मोठ्याने वाचा, जन्माची गोष्ट तेवढ्यातच आहे, मध्ये झोपल्या तरी चालेल. पाळकसाहेबांना प्रभुभोजनासाठी (भाकर-द्राक्षरसाचा विधी) घरी बोलवा, पण आधीच सांगून ठेवा, ऐन आठवड्यात त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो.

आणि 25 तारीखच धरून बसू नका, नाताळचे 12 दिवस असतात, 5 जानेवारीपर्यंत. ज्या दिवशी आई फ्रेश वाटतील त्या दिवशी मेणबत्ती लावा.

कोणी "काही मदत हवी का" विचारलं तर "नको नको" म्हणू नका, सरळ दोन तास बसायला बोलवा आणि तुम्ही झोपा.

बाकी मोठ्या गोष्टी, दुःखाचा अर्थ वगैरे, आत्ता नको. आधी हा डिसेंबर निघू दे. इंदूरला थंडी वाढलीये, आईंना मोजे घाला.