प्ले कधी दाबायचं?

प्रश्न: आमचा जुना कॉलेजचा ग्रुप आहे, तिघं पुण्यात, एक दुबईला, दोघी न्यू जर्सीत. सगळ्यांना साय-फायचं वेड. दर रविवारी एक एपिसोड एकत्र बघायचं ठरवलंय, पण व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर केली की चित्र अडकतं, आवाज मागे राहतो, अर्धा वेळ "दिसतंय का, दिसतंय का" करण्यातच जातो. एखादं चांगलं ॲप सुचवाल का?

उत्तर: ॲप राहू दे, आधी ती स्क्रीन शेअर बंद करा. प्रत्येकाने आपापल्या घरी आपापल्या टीव्हीवर एपिसोड लावायचा, ठरलेल्या मिनिटाला प्ले दाबायचं आणि गप्पा टाइप करून मारायच्या, बस. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश साय-फाय सिरीजच्या फॅन लोकांनी मार्च २०२० मध्ये हेच केलं. ब्रिटनमध्ये सगळे घरात अडकायला लागले होते तेव्हा डॉक्टर हू मॅगझिनच्या एमिली कुकने २१ मार्चला संध्याकाळी ७ ला 'द डे ऑफ द डॉक्टर' सगळ्यांनी एकदम लावायची हाक दिली आणि ट्विटरवर एक हॅशटॅग दिला, झालं. तो एपिसोड लिहिणारा स्टीव्हन मॉफॅट स्वतः येऊन सीन चालू असताना पडद्यामागचे किस्से टाकत होता. मग २६ मार्चला 'रोज' (Rose) नावाचा एपिसोड, म्हणजे २००५ साली ज्या तारखेला तो पहिल्यांदा लागला त्याच तारखेला, आणि तेव्हा तो लिहिणारा रसेल टी डेव्हिस हजर. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले, त्यातली पहिली रात्र तर जनता कर्फ्यूची, त्यामुळे सकाळी उठायची घाई कुणालाच नव्हती म्हणा!

तुमच्यासाठी रविवारी रात्री साडेनऊ बरं पडेल. दुबईत तेव्हा ८, न्यू जर्सीत दुपारचे १२. फक्त नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग त्यांचे ११ वाजलेले असतात, तेव्हा ग्रुपवर वेळ टाकताना कायम भारतातली वेळ टाका म्हणजे घोळ होत नाही.

आणि सगळ्यांकडे एकच आवृत्ती आहे ना ते बघा. हे कुणी सांगत नाही पण खरी गंमत इथेच होते. फिल्मवर सेकंदाला २४ फ्रेम्सने शूट झालेल्या अमेरिकन सिरीजची भारतात किंवा युरोपात मिळणारी जुनी पाल (PAL, म्हणजे इकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत) डीव्हीडी बहुतेक वेळा २५ फ्रेम्सने पळते, म्हणजे साधारण ४ टक्के जोरात. ४५ मिनिटांच्या एपिसोडमध्ये डीव्हीडीवाला शेवटी शेवटी जवळजवळ दोन मिनिटं पुढे गेलेला असतो आणि खलनायक कोण हे बाकीच्यांना त्याच्या "आईशप्पथ!!" वरूनच कळतं. टायटल साँग स्किप करायचं की नाही तेही आधीच ठरवा.

प्रश्न: आमच्या ग्रुपवर एक दादा आहेत, एपिसोड आला की रात्रीच बघतात आणि सकाळी सगळं फोडून मोकळे! वयाने मोठे, बोलायची सोय नाही. काय करू? (ठाणे)

उत्तर: दादांना गप्प बसवू नका, त्यांना नवीन ग्रुप काढून द्या, नाव ठेवा 'बघून झालेले', आणि ॲडमिन त्यांनाच करा. मान मिळाला की माणूस नियम पाळतो. नव्वदच्या दशकात यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-ग्रुपांवर, लोक स्पॉयलरच्या आधी पानभर रिकाम्या ओळी सोडायचे, नाहीतर रॉट-१३ वापरायचे, त्यात इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर १३ घरं पुढे सरकतं आणि वाचायचं असेल त्याने उलगडून घ्यायचं. देवनागरीत ते काही जमत नाही, पण रिकाम्या ओळींची युक्ती जमते: आधी एपिसोडचं नाव, मग 'पुढे स्पॉयलर', मग प्रत्येक ओळीत नुसता एक टिंब अशा पंधरा-वीस ओळी. नोटिफिकेशनमध्ये फक्त वरचं दिसतं.

प्रश्न: पुढच्या सीझनमध्ये काय होईल यावर माझी एक भन्नाट थिअरी आहे. लेखकाला टॅग करून टाकू का? वाचतील का ते? (कोल्हापूर)

उत्तर: वाचतील ही भीती जास्त आहे! 'बॅबिलॉन ५' या नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन साय-फाय सिरीजचा कर्ता जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की इंटरनेटवर फॅन लोकांशी रोज बोलायचा, आणि कथेच्या कल्पना इथे टाकू नका असं परत परत बजावायचा. तरी कुणीतरी सहज एक टाकली आणि ती त्याच्या डोक्यात आधीच असलेल्या गोष्टीशी जुळली. झालं, 'पासिंग थ्रू गेथसेमनी' हा एपिसोड अडकला, त्या फॅनकडून लेखी घेतल्यावरच पुढे सरकला. उद्या कुणी चोरीचा दावा लावला तर काय, म्हणून हा सगळा खटाटोप. (ती कल्पना काय होती ते सांगत नाही, ठाण्याच्या वाचकांचा आताच डोक्याला ताप झालाय.) तेव्हा थिअरी आपल्या ग्रुपवर बिनधास्त लिहा, भांडा, पैजा लावा, फक्त टॅग नको. लेखकाला काही म्हणायचंच असेल तर जे दाखवून झालंय त्याबद्दल विचारा, ते त्यांना आवडतं, आणि उत्तर यायची शक्यताही जास्त.